दमा, दवाखाना आणि पुरेल एवढे औषध

‘दमा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की दम धरणे, दम लागणे, एका दमात वाचणे, दमछाक होणे हे बोलताना तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. संस्कृतात या विकाराला ‘श्वास’ म्हणत. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या ‘तमक श्वासा’चे वर्णन आजच्या दम्याशी बरेच जुळते. अरबी वैद्यक त्याला ‘रब्व’ म्हणते आणि आपले युनानी हकीम ‘ज़ीक़-उन-नफ़स’, म्हणजे श्वासाची तंगी. नावे अनेक, पण त्रास एकच. छातीतली वाट आवळते, हवा आत जाते पण बाहेर पडत नाही आणि माणूस पहाटे अंथरुणात उठून बसतो.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, मालवण-आचऱ्यापासून देवगड-विजयदुर्गापर्यंत, हा त्रास कुठल्या एका जातीचा किंवा धर्माचा नाही. पावसाळ्यात चार महिने ओलीने भरलेल्या भिंती, त्यांवरची बुरशी, अंथरुणा-पांघरुणातली सूक्ष्म कीड, चुलीचा धूर, सुक्या मासळीची धूळ, चिरेखाणीतली लाल भुकटी, ही सर्वांचीच हवा आहे. १९९७ मध्ये शासनाने सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केला. मुंबई-पुण्याचे लोक इथे मोकळा श्वास घ्यायला येतात. इथल्याच गावातला दम्याचा रुग्ण मात्र केसपेपर हातात धरून सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसतो. पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि पंपासाठी ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी मिळते. हा अनुभव आमच्या घराघरांत आहे. त्याची तक्रार मांडण्यासाठी हा लेख नाही. हे असे का झाले, त्यामागे कोणता इतिहास आहे, हे आम्हाला तपासायचे आहे. ज्या देशात दम्याची औषधे जगाला पुरतील इतकी तयार होतात, त्या देशात ती गावच्या रुग्णाला का पुरत नाहीत, हा प्रश्न केवळ एका दवाखान्याच्या गलथानपणाने सुटणारा नाही.

जुन्या वैद्यांचे शहाणपण

बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये सुलतान सलाहुद्दीनच्या दरबाराशी संबंधित असलेला एक मोठा वैद्य होता. त्याचे नाव मूसा इब्न मैमून. तो धर्माने यहुदी होता, जन्म कोर्डोव्याचा, आणि लिहीत असे अरबीत. एका अमीर रुग्णासाठी त्याने सुमारे ११९० मध्ये दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या ग्रंथाचा मोठा भाग अन्न, झोप, हवा, व्यायाम, मनाची अवस्था यांवर आहे. दम्यावर आपल्याकडे जादूचा उपाय नाही, हे तो रुग्णाला सरळ सांगतो. अटॅक आला की काय द्यावे, यापेक्षा रुग्णाने वर्षभर कसे राहावे याला त्याने अधिक जागा दिली. दमा हा प्रसंग नसून सोबत आहे, हे आठशे वर्षांपूर्वी त्याने ओळखले होते.

उपायांची देवाणघेवाण धर्म आणि समुद्र दोन्ही ओलांडून होत होती. आपल्याकडे धोतऱ्याचा धूर दम्यासाठी घेण्याची प्रथा जुनी आहे. १८०२ च्या सुमारास मद्रासमधील ब्रिटिश वैद्य जेम्स अँडरसन यांच्याकडून ही माहिती जनरल जेंट यांच्यामार्फत इंग्लंडला पोहोचली. पुढे धोतऱ्याच्या जातीतल्या झाडाच्या पानांच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ युरोपात विसाव्या शतकापर्यंत विकल्या जात. १८६० मध्ये हाईड सॉल्टर या इंग्रज डॉक्टरांनी कडक कॉफीने दमा उतरतो, असे लिहिले. त्यात तथ्य होते, कारण कॉफीतले द्रव्य आणि नंतर चहाच्या पानातून १८८८ मध्ये वेगळे काढलेले ‘थिओफायलीन’ ही नात्यातली रसायने आहेत. आपल्या दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिले गेलेले ‘डेरिफायलीन’ त्याच कुळातले. चीनमधल्या ‘मा-हुआंग’ वनस्पतीतून एफेड्रीन आले. १९०१ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी अ‍ॅड्रेनालीन शुद्ध रूपात मिळवल्याचे जाहीर केले आणि काही वर्षांतच त्याचे इंजेक्शन दम्याच्या अटॅकवर दिले जाऊ लागले.

या सर्व औषधांत एक गोष्ट समान होती. ती आवळलेली वाट तेवढ्यापुरती मोकळी करत. वाट मुळात का सुजते, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

निळा पंप आणि दुसरा पंप

१९५६ मध्ये अमेरिकेत मोजून फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही, असे विचारले आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये सालब्युटामॉल आले. तोच पुढे आपल्या ओळखीचा निळा पंप झाला. १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईड आले आणि दम्याच्या उपचाराचा पायाच बदलला.

या दोन औषधांतला फरक समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. पहिले आराम देणारे औषध. ते श्वासनळीभोवतीचे स्नायू सैल करते, काही मिनिटांत बरे वाटते आणि काही तासांत असर ओसरतो. दुसरे प्रतिबंधक औषध. ते नळीच्या आतली सूज हळूहळू कमी करते. त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही. पण रोज घेतले तर अटॅक येण्याचेच कमी होते. पहिल्यावाचून रात्र निघत नाही आणि दुसऱ्यावाचून वर्ष निघत नाही.

केवळ पहिल्यावर भिस्त ठेवल्याने काय होते, हे जगाने महाग किंमत मोजून शिकले. १९६० च्या दशकात इंग्लंड-वेल्ससह काही देशांत दम्याने तरुण माणसे मरण्याचे प्रमाण अचानक वाढले. संशोधकांनी तीव्र मात्रेच्या आयसोप्रिनॅलीन पंपाकडे बोट दाखवले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉलच्या बाबतीत असाच वाद झाला. आराम देणारे औषध वारंवार घेत राहायचे, आतली सूज तशीच वाढू द्यायची आणि एका रात्री औषध लागूच पडत नाही, हा त्यातला धोका होता. अखेर २०१९ मध्ये दम्यावरील जागतिक मार्गदर्शक संस्थेने, ‘जीना’ने, स्पष्ट सांगितले की प्रौढांचा आणि किशोरवयीनांचा दमा केवळ आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये. सौम्य दमा असला तरी श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईड सोबत हवेच.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा वारसा

या औषधांच्या भारतातील इतिहासात एक नाव आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवायला हवे. ते म्हणजे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. १८९८ मध्ये अलीगढला जन्मलेले, बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेले आणि देशाच्या फाळणीला विरोध करणारे हे राष्ट्रवादी मुसलमान. त्यांनी १९३५ मध्ये मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ स्थापन केली. तीच आजची सिप्ला. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली होती. परदेशी औषधांवर अवलंबून असलेला देश आपल्या पायावर उभा राहावा, ही त्यामागची प्रेरणा होती.

त्यांचे पुत्र डॉ. युसूफ हमीद यांच्या काळात या कामाला कायद्याची साथ मिळाली. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट न देता फक्त ते तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याचे धोरण त्यात होते. त्यामुळे परदेशात नुकतीच निघालेली औषधे भारतीय कारखाने स्वतःच्या पद्धतीने आणि कमी किमतीत बनवू शकले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिप्लाने भारतात पंप बनवायला सुरुवात केली. पुढे कुपीतली पूड ओढून घ्यायचा स्वस्त ‘रोटाहेलर’ही गावागावांत पोहोचला. २००१ मध्ये हीच कंपनी एड्‌सची औषधे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी खर्चात द्यायला तयार झाली आणि जगभर तिचे नाव झाले. २००५ मध्ये पेटंटचा कायदा पुन्हा बदलला, पण दम्याच्या या जुन्या औषधांना त्याची झळ बसलेली नाही.

म्हणजे औषध आहे, ते देशात बनते आणि ते कुणाच्या मक्तेदारीत अडकलेले नाही. तरीही ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासमालेच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा आहे. जगातल्या दम्याच्या एकूण भारापैकी सुमारे १३ टक्के भार भारतावर आहे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू भारतात होतात. या दोन आकड्यांमधले अंतर औषधाच्या शोधाने भरून निघणारे नाही. ते औषध पोहोचवण्याच्या पद्धतीतले अंतर आहे.

साथीसाठी घडलेली यंत्रणा

आपली सरकारी आरोग्य यंत्रणा साथीच्या रोगांतून जन्मली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते, तेव्हा तरुण आगाखान (तिसरे) यांनी आपल्या जमातीसमोर ती टोचून घेतली आणि हाफकिनच्या कामासाठी आपली वास्तूही दिली. साथ आली की धावायचे, टोचायचे, फवारायचे आणि साथ ओसरली की आकडे लिहायचे, ही कामाची रीत तिथे पक्की झाली. देवी, मलेरिया, पटकी, पोलिओ यांच्याविरुद्ध याच रीतीने मोठे काम झाले आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

१९४६ मध्ये भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना दिली. १९५२ पासून ही केंद्रे उभी राहू लागली. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग लसीकरण, बाळंतपण, कुटुंबनियोजन आणि साथी यांनी व्यापला. बाह्यरुग्ण म्हणून आलेल्या माणसाला तीन किंवा पाच दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, ही सवय तापासाठी, जुलाबासाठी पुरेशी होती. तीच सवय दम्यालाही लागू झाली. ज्याला आयुष्यभर औषध लागणार, त्याला पाच दिवसांचे औषध!

दीर्घकाळचे औषध सरकारला पुरवताच येत नाही, असेही म्हणता येणार नाही. क्षयरोगाचे उदाहरण समोर आहे. १९९७ मध्ये सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि मार्च २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. त्या काळात उपचार सुरू होताच रुग्णाच्या नावाने पूर्ण कोर्सचा खोका बाजूला काढून ठेवला जाई. मधेच औषध संपले म्हणून रुग्ण परत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आमच्याच गावांतल्या आरोग्य केंद्रांत हे खोके होते. त्याच खोलीत, त्याच कपाटाशेजारी दम्याचा रुग्ण उभा असे. त्याच्या नावाचा खोका मात्र कधी नव्हता. क्षय दुसऱ्याला लागतो म्हणून समाज त्याला घाबरतो. दमा कुणाला लागत नाही, म्हणून तो ज्याचा त्याने सोसायचा, असाच हिशेब यामागे दिसतो.

२०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तेव्हा त्याच्या नावात श्वसनविकार नव्हते. फुप्फुसाचे जुने आजार त्याला नंतर जोडले गेले. कागदावर दम्याचे औषध अत्यावश्यक आहेच. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०१५ आणि २०२२ च्या याद्यांत सालब्युटामॉलही आहे आणि श्वासावाटे घ्यायचे बुडेसोनाईडही आहे. पण यादीतले औषध दवाखान्याच्या कपाटात यायचे तर कुणीतरी रुग्ण मोजावे लागतात, मागणी लिहावी लागते, खरेदी व्हावी लागते.

सिंधुदुर्गाची वाट

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. ओरोसला जिल्ह्याचे ठिकाण आले, जिल्हा रुग्णालय आले, मालवणला ग्रामीण रुग्णालय, सावंतवाडी-कणकवलीला उपजिल्हा रुग्णालये आली. तरी थोडा कठीण आजार झाला की रुग्णाला दोनच वाटा असत. घाट चढून कोल्हापूर किंवा हद्द ओलांडून गोव्यातले बांबोळी. मालवणहून बांबोळी शंभराहून अधिक किलोमीटर. अनेक वर्षे तिथे सिंधुदुर्गवासीयांना गोवेकरांसारखेच मोफत उपचार मिळत. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. त्यावर दोडामार्गला लोकांचे मोठे आंदोलन झाले. गोव्याला दोष देऊन भागणार नाही, आपल्या जिल्ह्यात काय आहे हे विचारा, ही जाणीव त्या वर्षी प्रथमच रस्त्यावर आली. २०२१ मध्ये सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही मोठी गोष्ट आहे. पण महाविद्यालय हे मोठ्या आजारासाठी. दम्याच्या रुग्णाला महिन्याच्या महिन्याला ओरोसची एस.टी. परवडत नाही. त्याचे औषध त्याच्या गावच्या केंद्रातच हवे.

औषधखरेदीचा इतिहासही याच काळातला आहे. २०१७ मध्ये राज्याने सरकारी दवाखान्यांच्या औषधखरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले. प्लेगच्या लसीचे नाव असलेल्या संस्थेकडे गोळ्या-पंपांची खरेदी आली. विलंबाच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. तामिळनाडूने अशा कामासाठी १९९४ मध्येच स्वतंत्र महामंडळ काढले होते. दुकानात साठा घटला की मागणी आपोआप वर जावी, अशी व्यवस्था त्यांनी लावली आणि तिचा लौकिक देशभर झाला. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क केले. केसपेपरचे पैसे वाचले, हे चांगलेच झाले. पण कपाटच रिकामे असेल तर मोफत या शब्दाला अर्थ उरत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची गोष्ट तशीच. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढे राज्यभर गेली आणि तिने असंख्य गरिबांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. मात्र ती रुग्ण भरती झाल्यावर कामाला येते. घरी बसून रोज घ्यायच्या पंपाचा खर्च तिच्यात बसत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका खटल्यात, तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असा निर्णय दिला. तोही तातडीच्या वेळेबद्दल. म्हणजे कायदा, योजना, दवाखाना, सगळे दमेकऱ्याच्या मदतीला येतात, पण तो गुदमरल्यावर. गुदमरू नये म्हणून लागणारे औषध कुणाच्याच खात्यात नीट नोंदलेले नाही. सगळ्या इतिहासातून आम्हाला दिसलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

पुरेसे म्हणजे किती?

‘औषध कमी पडते’ असे आपण मोघम म्हणतो. त्याचा हिशेब मांडू. प्रतिबंधक पंपाच्या एका डब्यात साधारण २०० फवारे असतात. सकाळी दोन, रात्री दोन असे दिवसाला चार फवारे लागले तर डबा पन्नास दिवस पुरतो. वर्षाला सात-आठ डबे. एखाद्या केंद्राकडे असे पन्नास रुग्ण नोंदले असतील तर वर्षाला ३६५ डबे. हा आकडा कुठल्याही जिल्ह्याला न झेपणारा नाही. पण तो मागायचा तर आधी पन्नास नावांची वही हवी. ताप येणाऱ्याची नोंद दिवसाची असते, दमेकऱ्याची नोंद वर्षाची लागते.

ही वही नसल्यामुळे काय दिले जाते? डेरिफायलीनची गोळी, सालब्युटामॉलची गोळी, वेळ पडली तर इंजेक्शन, आणि मशीनची वाफ. सालब्युटामॉलच्या चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत निळ्या पंपाच्या एका फवाऱ्याच्या चाळीसपट औषध असते. ते सगळ्या अंगात फिरते म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थेट जिथे हवे तिथे जाते. तरीही आपल्याकडे गोळी सौम्य आणि पंप ‘शेवटचा’, असा उलटा समज आहे. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत पंप कपाटात लपवला जातो. स्टेरॉईड म्हटले की लोक दचकतात, मात्र स्टेरॉईडच्या गोळ्या आणि सुया वर्षानुवर्षे न विचारता घेतात, ज्यांनी हाडे, डोळे आणि साखर बिघडते. पंपातली मात्रा त्यांच्या मानाने फार थोडी असते. ती घेतल्यावर चूळ भरून टाकायची, एवढी काळजी पुरते.

मशीनच्या वाफेवर किती विसंबावे, हे मे २०२१ च्या तौक्ते वादळाने दाखवून दिले. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर झाडे आणि विजेचे खांब कोसळले, अनेक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. वीज नसेल तर मशीन चालत नाही. पंपाला वीज लागत नाही. डब्याला नळकांडे, म्हणजे ‘स्पेसर’, जोडले तर लहान मूल आणि म्हातारे माणूसही तो नीट घेऊ शकते.

जे औषध नियमाने मिळत नाही, त्याची जागा दुसरे काहीतरी घेते. हैदराबादला दरवर्षी जूनमध्ये मृगाच्या सुमारास बथिनी घराण्याकडून जिवंत मासा गिळवून दम्याचे औषध दिले जाते. ही प्रथा १८४५ पासूनची असल्याचे ते घराणे सांगते. हजारो माणसे रांगा लावतात. त्यांना हसण्यापेक्षा, ती रांग का लागते हे विचारावे. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, पैसे न घेता कुणीतरी नक्की काहीतरी देतो, एवढा भरवसा त्यांना दवाखान्याने दिलेला नाही.

आपला आपल्यापुरता हिशेब

आता थोडे आपल्याविषयी. कोकणी मुसलमानाने सरकारी औषधाची वाट फारशी पाहिली नाही. आधी मुंबईच्या गोदीतून, जहाजांवरून, पुढे १९७० नंतर गल्फमधून पैसा आला. सुटीवर येणाऱ्याच्या बॅगेत अत्तर, टॉर्च, कापड यांबरोबर अब्बांचा निळा पंपही येऊ लागला. ज्यांच्या घरचे कुणी बाहेर गेले त्यांचे भागले. ज्यांचे कुणी गेले नाही, त्या दालदी मच्छीमाराचे, विधवेचे, मदरशातल्या शिक्षकाचे भागले नाही. बॅगेने आलेल्या औषधामुळे आपण एक समाज म्हणून दवाखान्याच्या दारात मागणी घेऊन उभेच राहिलो नाही. सिंधुदुर्गात आपण लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहोत. आपल्या एकट्याच्या आवाजाने काही होणार नाही, हे खरे. पण दम्याचा प्रश्न एकट्याचा नाहीच. गाबीत, भंडारी, ख्रिस्ती, दलित, सगळ्यांच्या घरात तोच खोकला आहे. इतक्या सहजपणे खांद्याला खांदा लावता येईल असे प्रश्न थोडे असतात.

रमजानमध्ये पंपाचा प्रश्न हमखास निघतो. सौदी अरेबियाचे शेख इब्न बाझ यांनी पंपाने रोजा तुटत नाही असे मत दिले होते. भारतातले हनफी मुफ्ती बहुतांशी तुटतो असे सांगतात. आपण कोकणी शाफई, आपल्या उलेमांतही एकमत नाही. १९९७ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने रोजा कशाने तुटतो यावर ठराव केला, पण दम्याच्या पंपाचा निर्णय पुढील अभ्यासासाठी ठेवला. वाद आहे तो राहो. प्रतिबंधक पंप बहुधा दिवसातून दोनदा घ्यायचा असतो आणि तो सहरी व इफ्तारच्या वेळी घेता येतो. तो नियमाने घेतला तर दिवसा निळ्या पंपाची गरजच कमी पडते. आणि धाप लागलीच तर आजाऱ्याला कुराणाने सूट दिलेली आहे. जीव धोक्यात घालून रोजा पुरा करा, असे कुणीच सांगत नाही.

जकातीचेही थोडे तपासू. आपल्या जमाती रुग्णवाहिका घेतात, शस्त्रक्रियेला मदत करतात, शिबिरे भरवतात. चांगली कामे आहेत. पण गरीब दमेकऱ्याला दर पन्नास दिवसांनी एक डबा देण्याची व्यवस्था किती जमातींनी केली? म्हणजे सरकारचा जो दोष आम्ही दाखवला तोच आपल्या दानातही आहे. आपणही माणूस गुदमरल्यावर धावतो.

आपला इतिहास तर वेगळे सांगतो. ११५४ मध्ये दमास्कसला नुरुद्दीनने आणि १२८४ मध्ये कैरोला सुलतान कलाऊनने बीमारिस्तान, म्हणजे रुग्णालये, बांधली. ती वक्फवर चालत. दुकाने, जमिनी यांचे उत्पन्न कायमचे त्यांना लावून दिलेले असे. वक्फची मूळ कल्पनाच अशी की मालमत्ता हलायची नाही, तिचे उत्पन्न वाहत राहायचे. कैरोच्या दानपत्रात, घरी असलेल्या आजाऱ्यालाही औषध पोहोचवण्याची तरतूद होती. औषध एकदा देऊन भागत नाही, ते देत राहावे लागते आणि त्यासाठी वाहते उत्पन्न लागते, हे त्यांना कळत होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दम्याच्या रुग्णांची वही असावी. वहीतल्या नावांप्रमाणे प्रतिबंधक पंपांची मागणी वर्षाच्या आधी जावी. रुग्णाला पाच दिवसांचे नव्हे तर निदान महिन्याचे, पावसाळ्याआधी तीन महिन्यांचे औषध मिळावे. पंप कसा ओढायचा हे आशाताईंनी घरी येऊन दाखवावे. रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत हा विषय मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तिथे आपल्यातल्या शिकलेल्यांनी जायला हवे. आपल्या मोहल्ल्यातली यादी आपणच करून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देता येईल, तिच्यात शेजारच्या वाडीची नावेही घालता येतील. क्षयाच्या रुग्णाच्या नावाने खोका ठेवणे ज्या व्यवस्थेला जमले, तिला दमेकऱ्याच्या नावाने डबा ठेवणेही जमेल. ती वही उघडली जाईपर्यंत ‘औषध संपलां, भायरसून घेवा’ हे वाक्य आपल्या किनाऱ्यावर ऐकू येत राहणार.